इतर हक्कांचा रकाना

पहिलं घर घ्यायला निघालेल्या माणसाला पुण्यात घर मिळायला वर्षं लागतात. सल्ला मात्र त्याच दिवशी दारात हजर होतो. नियाजकडे तर तो दुकानाच्या फळीवर येऊन बसला आणि दोन महिने हलला नाही.

कसबा पेठेतल्या एका बोळात नियाजचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. आजोबांपासूनचं. दुकानामागे एक खोली, आणि त्या खोलीत नियाज, त्याची बायको जैनब आणि दोन मुली. जैनब शाळेत गणित शिकवायची. "आमच्याकडे पाहुणा आला की आधी खळीचा वास उठून त्याला जागा देतो," असं ती म्हणे. हसून म्हणे. पण मोठी मुलगी दहावीत गेली आणि पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसून अभ्यास करू लागली, तशी जैनब त्यावर हसेनाशी झाली. साल एकोणीसशे नव्याण्णव होतं. तिच्या पगारावर कर्ज मिळत होतं. घर घ्यायचं ठरलं.

ठरलं म्हणताच बोळ जागा झाला. तळमजला घेऊ नका, चोर येतात. वरचा मजला घेऊ नका, गळतो. मधला तर मुळीच नको, वरचे नाचतात आणि खालच्यांची फोडणी नाकात जाते. पश्चिमेला गॅलरी नको. दक्षिणेला दार नको. हे सगळं सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांनी जन्मात घर घेतलेलं नव्हतं आणि उरलेल्यांनी घेतलं ते बायकोच्या भावाच्या शेजारी आहे म्हणून.

या सल्ल्यांच्या गर्दीत न बोलणारा एकच माणूस होता. दिगंबर वर्तक. दुकानाच्या वरच्या दोन भाड्याच्या खोल्यांत ते आणि त्यांची बायको कुसुम राहत. चौतीस वर्षं त्यांनी एका वकिलाच्या कचेरीत कारकुनी केली होती. काम एकच: जमीन विकत घेणाऱ्याला ती विकणाऱ्याचीच आहे की नाही, हे जुन्या कागदांतून शोधायचं. सातबारा, फेरफार, खरेदीखतं. निवृत्त झाल्यावर ते रोज संध्याकाळी खाली येत आणि नियाजकडे बांधायला आलेली परक्यांची पुस्तकं वाचत बसत. पुस्तक दाबाच्या शिकंज्यात जायच्या आत संपवायचं, एवढीच त्यांची आयुष्यातली घाई. एखादं वाक्य बोलायचं तर ते मनात तीनदा तपासून बघत. तोवर विषय बदललेला असे आणि वाक्य तसंच परत जाई.

त्यांच्या गप्प बसण्याला कारणही होतं. ते कारण दर गुरुवारी स्कूटरवरून येई.

यज्ञेश्वर चांदोरकर. मूळचे याच बोळातले, बँकेतून निवृत्त, आता कर्वेनगरात. जुन्या पेठेचा लोभ म्हणून येतात असं ते सांगत. लोभ होता तो श्रोत्यांचा. कर्वेनगरात त्यांचं कुणी ऐकत नसावं.

"जैनबबाई, घर घेताना पहिला नियम काय?" फळीवर बसत त्यांनी विचारलं.

"काय?"

"वर्तकांना विचारायचं नाही!"

आणि मग ती गोष्ट. बोळाला पाठ होती. एकाहत्तर साली कर्वेनगरात ओनरशिपचे ब्लॉक निघाले. दिगंबरराव आणि कुसुमताईंनी एक पसंत केला. मग दिगंबरराव कागद वाचायला बसले. मूळ जमीन तीन भावांची. पण सातबाऱ्यावर बाजूच्या 'इतर हक्क' नावाच्या रकान्यात एका बहिणीचं नाव आणि तिने हक्क सोडल्याचा कागद नाही; म्हणजे उद्या ती वाटा मागायला येऊ शकते. दिगंबरराव म्हणाले, नको.

"तोच ब्लॉक मी घेतला!" चांदोरकर इथे मांडीवर थाप मारत. "अठ्ठावीस वर्षं झाली. बहीण नाही आली, भाचा नाही आला, कुत्रं नाही आलं. आज त्याची किंमत सांगू? नको, दिगंबररावांना रात्री झोप लागायची नाही."

लोक हसत. दिगंबरराव हातातल्या पुस्तकाचं पान उलटत, न वाचता. वर माडीवर कुसुमताईंना सगळं ऐकू जाई. अठ्ठावीस वर्षांत त्या या विषयावर नवऱ्याशी भांडल्या नव्हत्या. पावसाळ्यात छत गळू लागलं की त्या पातेलं आणून ठेवत आणि एवढंच म्हणत, "कर्वेनगरात काय करत असतील हो लोक पातेल्यांचं?"

तर त्या गुरुवारी चांदोरकरांनी नुसता सल्ला आणला नव्हता. भाचा आणला होता. माधव. गळ्यात टाय, हातात चकचकीत कागदाचं पुस्तक. त्यावर इमारत, इमारतीपुढे पोहण्याचा तलाव, तलावाकाठी छत्री आणि छत्रीखाली गोरी बाई. 'ऐश्वर्यगंधा पार्क, मांजरी.'

"मांजरीत कोण पोहतं?" नियाजने विचारलं.

"आता नाही पोहत. पुढे पोहतील," माधव म्हणाला. "नियाजभाई, पाच वर्षांनी हेच पुणं असणार आहे."

"मग आत्ताचं काय असेल?"

माधवने ते ऐकलं नाही. विकणाऱ्याला कोणता प्रश्न ऐकायचा हे शिकवलेलं असतं.

जैनब मात्र पुस्तक उघडून नकाशा बघत होती. मग तिने मान वर केली आणि सरळ विचारलं, "माधवराव, आमचं नाव तुम्ही ऐकलंय ना? नंतर ब्लॉक संपला असं व्हायला नको."

बोळात सगळ्यांना माहीत होतं. आतापर्यंत पाच ठिकाणी ती दोघं जाऊन आली होती. पाचही ठिकाणी चहा मिळाला, फरशी दाखवली, आणि फॉर्मवर नाव लिहिताक्षणी लक्षात आलं की शेवटचा ब्लॉक सकाळीच गेला. एका ठिकाणी तर इमारतीचे खांबसुद्धा उभे राहिले नव्हते, तरी सगळे ब्लॉक गेलेले होते.

"छे छे! आमच्याकडे तसलं काही नाही," माधव म्हणाला.

जैनबने पुस्तक मिटून छातीशी धरलं. ते दिगंबररावांनी पाहिलं आणि त्यांना उगाचच भीती वाटली.

रविवारी सगळे मांजरीला गेले. दोन रिक्षा. चांदोरकर पुढे, वाट दाखवायला, ती माहीत नसताना. दिगंबररावांना नियाजने ओढून नेलं. चारी बाजूंनी ऊस, मधे एक लाल मातीचा चौकोन, आणि चौकोनात एकच खोल्यांचा संच बांधून सजवलेला. बाकी इमारत अजून हवेत होती. नमुन्याच्या घरात पलंग होता, पडदे होते, फळांच्या टोपलीत मेणाची सफरचंदं होती. नियाजने सवयीने पलंगावर वीत टाकून बघितली. बांधणी करणाऱ्याची वीत. तिला फसवणं अवघड.

"माधवराव, हा पलंग सव्वापाच फुटी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे यावर माझी धाकटी मावेल. मी झोपलो तर पाय उसात जातील. पलंग लहान केला की खोली मोठी दिसते, होय ना?"

"आता पलंगाचं काय घेऊन बसलात!" चांदोरकर म्हणाले. "पलंग तुमचा तुम्ही आणणार. अहो, घर घेताना तीन गोष्टी बघाव्यात. पाणी, फरशी आणि शेजार. कागद वकील बघतो."

"कोणाचा वकील?" जैनबने विचारलं.

"बिल्डरचा. तज्ज्ञ आहे."

दिगंबरराव खिडकीशी उभे होते. विकणाऱ्याच्या वकिलाने विकत घेणाऱ्यासाठी कागद बघायचे, हे वाक्य त्यांना मेणाच्या सफरचंदासारखं वाटलं. परत निघताना माधवने कागदांच्या झेरॉक्सची फाइल जैनबच्या हातात दिली, आणि जैनबने ती रिक्षात दिगंबररावांच्या मांडीवर ठेवली.

"नाना, बघाल?"

"मी? नको गं. मी बघितलं की..."

"बघा तरी."

ती फाइल वाचायला दिगंबररावांना तीन संध्याकाळी लागल्या. कागद पुष्कळ होते म्हणून नव्हे. सापडायचं ते पहिल्याच संध्याकाळी सापडलं होतं. पुढच्या दोन संध्याकाळी त्यांनी आपलं चुकलंय हे सिद्ध करण्यात घालवल्या. जमीन तीन भावांची. बाप वारला तेव्हा वारस म्हणून तीन भाऊ मुख्य रकान्यात लागले. आणि बाजूला, इतर हक्कांच्या रकान्यात, तलाठ्याच्या आखूड अक्षरात एक नाव: सरुबाई. बहीण. हक्क सोडल्याचा कागद फाइलमध्ये नव्हता. बिल्डरच्या वकिलाने चार पानी दाखला लिहिला होता, त्यात 'निर्वेध', 'निष्कलंक' हे शब्द सात वेळा होते, आणि सरुबाई एकदाही नव्हती.

"काय सापडलं?" कुसुमताईंनी विचारलं.

"बहीण."

कुसुमताईंनी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला, जरा जोरात. "परत?"

"परत."

"तुम्हाला सातबाऱ्यावर दुसरं काही दिसतच नाही का हो?"

दिगंबररावांना वाटलं, खरंच असेल. एखाद्या डॉक्टरला सगळ्यांचं हृदयच मोठं दिसतं, तसं. एकाहत्तर साली आपण एका नावाला भ्यालो आणि हिला गळक्या छताखाली ठेवलं. आता दुसऱ्याच्या लेकरांना ठेवायचं? रात्रभर ते कुशीवर वळत राहिले. पहाटे एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली. एकाहत्तर साली त्यांनी त्या बहिणीचं नाव वाचलं होतं. ती कुठे असते, हे शोधायला ते गेले नव्हते. कागद वाचून ते घरी आले होते. माणसाकडे जायचं म्हणजे दार ठोठावायचं, आणि दार ठोठावणं त्यांना कधी जमलंच नाही.

सकाळी ते कुसुमताईंना "जरा वाचनालयात" असं सांगून हडपसरच्या बसमध्ये बसले. तिथून मांजरीची दुसरी बस. गावात तिघांना विचारायचं ठरवून दोघांना न विचारताच पुढे गेले, तिसऱ्याने आपणहून विचारलं, "कुणाकडं निघालाय?" म्हणून सुटका झाली.

सरुबाई कालव्याच्या पलीकडे राहत होती. सत्तरीची, काटकुळी. दारात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. दिगंबररावांनी नमस्कार केला, आणि वाक्य मनात तपासायला घेतलं.

"बोला की," ती म्हणाली. "का शेंगा संपायची वाट बगताय?"

त्यांनी विचारलं, भावांनी जमीन विकली ते ठाऊक आहे का? तुम्ही हक्क सोडल्याचा कागद केला आहे का?

"जिमीन इकली ती गावाला ठावं हाय. मला बी गावाकडनंच कळलं." तिने एक शेंग कडकन फोडली. "दर भाऊबीजेला साडी घिऊन येत्यात. औंदा बी आलं. साडी दिली, चा प्याले, गेले. इकल्याचं बोललं न्हाईत. इचारलं असतं तर मी सोडलं बी असतं. भाऊच हाईत. पन इचाराया नगं?"

"हवं," दिगंबरराव म्हणाले. हे वाक्य त्यांना तपासावं लागलं नाही.

"तुमी कोन? वकील?"

"नाही. माझ्या शेजारची दोघं तिथे घर घेतायत. चांगली माणसं आहेत. पहिलंच घर."

"मग त्यास्नी सांगा. घर घ्यायचं तर फरशी बगू नगा म्हनावं. हितं आदी कुनाचं काय हुतं त्ये इचारा. फरशी काय, बदलता येती."

दोन महिने चाललेल्या सल्ल्यांत हा पहिला कामाचा होता. दिगंबररावांनी खिशातली वही काढली. बांधणी सुटलेली, पानं लोंबणारी. तिचं पूर्ण नाव लिहून घ्यावं म्हणून पेन उघडलं.

"आना हिकडं. मी लिवते."

तिने हात पदराला पुसले, वही मांडीवर घेतली आणि जीभ दातांत धरून एकेक अक्षर कोरलं. स चांगला गोल. बाईची वेलांटी जरा लांब गेली, कालव्यासारखी. मग वही लांब धरून तिने ती न्याहाळली.

"देवळात साक्षरतेचा वर्ग हुता तवा शिकले. सून बी शिकली न्हाई, मी शिकले. तवापास्नं कुटं अंगठा देत न्हाई. रेशनवाला म्हनतो, आजे, अंगठा लाव, येळ नगं घालवू. म्हनलं, थांब गुमान. अंगठा आता फकस्त भाकरीला."

परतीच्या बसमध्ये दिगंबररावांनी ते पान दोनदा उघडून बघितलं.

त्या संध्याकाळी त्यांनी नियाज आणि जैनबला वर बोलावलं आणि सांगितलं. सरुबाई आहे, जिवंत आहे, तिला कुणी विचारलेलं नाही. नियाज खाली बघत राहिला. जैनबचा चेहरा मात्र लाल झाला.

"नाना, पाच ठिकाणी आमचं नाव ऐकून दारं बंद झाली. सहाव्या ठिकाणी कुणी हो म्हणालं. आता तुम्ही दुसऱ्याच कुणाचं नाव घेऊन आलात."

"मी..."

"कर्वेनगरला आली होती का हो ती बहीण? नाही ना आली?"

"नाही आली."

"मग?"

कुसुमताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघायची दिगंबररावांची हिंमत झाली नाही. "माझं चुकत असेल," ते म्हणाले. "माझं नेहमी चुकतं असं लोक म्हणतात. पण त्या बाईचा हक्क सोडल्याचा कागद मागा. एवढंच. तो आला तर मी तोंड उघडणार नाही."

जैनब उतरून गेली. पण गुरुवारी तिने कागद मागितला. दिगंबरराव कुठे गेले होते ते तिने सांगितलं नाही. गणिताच्या बाईला पायऱ्या मागायची सवय असते, दाखवायची नाही.

"सरुबाई?" चांदोरकर ओरडलेच. "ही कल्पना कोणाची ते सांगायला नको! अहो, त्या बाजूच्या रकान्यात लोक वाट्टेल ते लिहितात. विहिरीचा वाटा, बैलगाडीची वाट, आणि बहिणी. वाचायचा असतो तो मुख्य रकाना!"

माधव मात्र शांत होता. "देतो की मॅडम. चार दिवसांत. तुमचं समाधान महत्त्वाचं. फक्त एक सांगू का? तुमच्यासाठी मी साहेबांकडे शब्द टाकलाय. दुसरीकडे कुठे तुम्हाला... म्हणजे, तुम्हीच अनुभव घेतलाय."

नियाजच्या हातातली सुई थांबली. "घेतलाय," तो म्हणाला. "तुमच्या शब्दाचा घेऊ आता."

चार दिवस म्हणजे चारच. सोमवारी संध्याकाळी माधव कागद घेऊन आला. चांदोरकर पेढे घेऊन आले. हक्कसोडपत्र, स्टॅम्पपेपरवर टंकलेलं, नोटरीचा शिक्का, दोन साक्षीदार. "पक्की नोंदणी सगळ्यांची एकदम करू," माधव म्हणाला. जैनबने कागद वाचला. नियाजने वाचला. जैनबने सकाळीच लिहून ठेवलेला चेक पर्समधून काढला आणि कटरखाली ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून. दोन महिन्यांनी ती पहिल्यांदा हसली. मोठी मुलगी आतल्या दारातून डोकावली. दिगंबररावांना मनापासून बरं वाटलं. आपलं चुकलं, हे किती छान झालं.

"द्या, वर्तकांनाही दाखवा," चांदोरकर म्हणाले, पेढा तोंडात टाकत. "नाहीतर त्यांना पचायचं नाही."

कागद फळीवरून सरकत दिगंबररावांपुढे आला. त्यांनी चष्मा पुसला. पहिलं पान. दुसरं पान. 'मी निरक्षर असून सदरचा मजकूर मला वाचून दाखविण्यात आला.' आणि खाली, निळ्या शाईत, मोठा, ठळक, ओला दिसेल असा अंगठा.

त्यांनी तो बराच वेळ बघितला. सवयीने त्यांनी स्वतःवर संशय घेऊन बघितला. म्हातारी आजारी असेल. हात थरथरला असेल. पण या वेळी संशय उभाच राहीना.

"माधवराव," ते म्हणाले, "हा अंगठा तुमच्यासमोर घेतला?"

"म्हणजे काय! मी स्वतः होतो. म्हातारीला धड काही कळत नाही हो. मीच हात धरून उठवला."

"कुठे?"

"तिच्या घरी. गावात, देवळाशेजारी."

"कालव्याच्या अलीकडे की पलीकडे?"

माधवने मामाकडे बघितलं. मामांच्या तोंडात पेढा होता.

"अलीकडे," माधव म्हणाला.

दिगंबररावांनी खिशातून वही काढली. दोन पानं सुटून खाली पडली, ती नियाजने उचलली. त्यांनी सरुबाईचं पान उघडून हक्कसोडपत्राशेजारी ठेवलं. एका बाजूला निळा अंगठा. दुसऱ्या बाजूला गोल स, आणि लांब गेलेली वेलांटी.

"ती पलीकडे राहते," ते म्हणाले. "आणि सही करते. हा अंगठा कुणाचा आहे मला माहीत नाही. तिचा नाही. तुम्हाला वाटलं, खेड्यातली म्हातारी, अंगठाच असणार. एवढं तरी विचारायचं होतं."

बोळात एक सायकल घंटी वाजवत गेली.

मग माधव बोलू लागला आणि त्याचा टाय आपोआप सैल झाला. असे कागद होतात. सगळीकडे होतात. इमारत एकदा उभी राहिली की लोक राहायला येतात, पडदे लावतात, कुणी विचारत नाही. "मामांचंच बघा ना! अठ्ठावीस वर्षं! आली का कुणी?"

"तेच मी म्हणतो!" चांदोरकरांनी पेढा गिळला. "आली का कुणी?"

"नाही आली," दिगंबरराव म्हणाले. "त्या कर्वेनगरच्या बहिणीचं नाव भागीरथी होतं. मी तिचं नाव वाचलं आणि घरी येऊन बसलो, तिला सांगायला गेलो नाही. ती माझी लाज. तुम्ही तर नावही वाचलं नाहीत, चांदोरकर. ती आली नाही याचा अर्थ तिला कुणी सांगितलं नाही, एवढाच. तुम्ही त्याला नशीब म्हणता आणि दर गुरुवारी येऊन सांगता."

एवढं सलग ते चौतीस वर्षांच्या नोकरीतही बोलले नसतील. बोलून झाल्यावर त्यांनी दोन्ही हात वहीवर ठेवले.

जैनबने कटर उचललं. चेक पर्समध्ये परत ठेवला. आतल्या दारातली मुलगी कधीच आत गेली होती.

"मॅडम, नीट विचार करा," माधव म्हणाला. "तुम्हाला दुसरीकडे कोण देणार आहे?"

"माहीत नाही," जैनब म्हणाली. "पण माधवराव, आम्हाला तुम्ही हो का म्हणालात ते आत्ता कळलं. ज्यांना कुणी देत नाही ते कागद मागणार नाहीत, असा तुमचा हिशोब होता. मी गणित शिकवते. तुमचा चुकला."

चांदोरकर उठले. "बसा मग खळीच्या वासात!" म्हणाले. स्कूटर तिसऱ्या किकला सुरू झाली. पेढ्यांचा पुडा मात्र न विसरता बरोबर नेला.

त्यानंतर बरेच गुरुवार ते बोळात आले नाहीत. कर्वेनगरात श्रोते मिळाले असतील.

जैनब दोन दिवस कुणाशी बोलली नाही. घर हातातून गेलं होतं. बरोबर कारणाने गेलं म्हणून ते कमी गेलं असं होत नाही. दिगंबरराव ते दोन दिवस खाली उतरलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी ती वर आली, हातात वही-पेन.

"नाना, सातबारा कसा वाचायचा ते शिकवा. मुख्य रकाना नंतर. आधी बाजूचा. आणि रविवारी मोकळे आहात ना? कोंढव्यात एक जागा आहे. नाव मी फोनवरच सांगितलंय. या म्हणाले."

"मी आलो आणि परत काही सापडलं तर?"

"तर सापडलं. मग आठवं बघू."

दिगंबररावांनी कुसुमताईंकडे बघितलं. त्या निवडत होत्या ती मेथी निवडतच राहिल्या.

"एकदा बरोबर आलात म्हणून मागचं सगळं माफ झालं असं समजू नका," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने: "आणि कोंढव्याला नवी चप्पल घालून जा. जुनीचा अंगठा तुटलाय."

शनिवारी संध्याकाळी नियाजने बांधायला ठेवून घेतलेली त्यांची वही परत दिली. सुटलेली सगळी पानं शिवलेली, पाठीला काळं कापड, कोपरे पक्के. दिगंबररावांनी पुठ्ठा उघडला. आतल्या बाजूला अस्तर म्हणून चकचकीत कागद डकवला होता. पोहण्याचा तलाव, छत्री, गोरी बाई, सगळं उलटं.

"कागद चांगला होता," नियाज म्हणाला. "फेकवेना. नाहीतर त्या पार्काचा कुणाला काही उपयोग होणार होता?"

दिगंबररावांनी पान उलटून बघितलं. सरुबाईची सही शिवणीत गेली नव्हती. नियाजने तेवढी जागा सोडली होती.